चेस्टनटचा धूर, पो नदीचं धुकं

इटलीत घर कधी तापवायला लागायचं, हे घरमालकाच्या हुडहुडीवर सोडलेलं नाही. १९९३च्या एका सरकारी फर्मानानं थंडीच्या मानानं देशाचे सहा पट्टे पाडले. मिलान, बोलोन्या आणि त्यांच्या भोवतीचं पो नदीचं सपाट मैदान पाचव्या पट्ट्यात येतं. तिथे १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल एवढेच दिवस हीटर लावायचा, तोही दिवसाला जास्तीत जास्त १४ तास, आणि घरातलं तापमान २० अंशांच्या आसपास ठेवायचं. आल्प्सच्या अंगाखांद्यावरचा सहावा पट्टा तेवढा मोकळा. २०२२च्या हिवाळ्यात गॅसचे वांधे झाले तेव्हा या सवलतीतलेही काही दिवस आणि तास कापले गेले.

खेड्यातली माणसं या फर्मानाचं फार मनावर घेत नाहीत, कारण त्यांच्याकडे लाकूड असतं. नोव्हेंबरात आपेनाइनच्या कुठल्याही डोंगरी गावात शिरलं, की भिंतींना टेकून छपरापर्यंत रचलेल्या ओंडक्यांच्या थप्प्या दिसतात. ओकचं लाकूड दमानं जळणारं, बीचचं भरपूर ऊब देणारं. चेस्टनटचं लाकूड तडतडतं, ठिणग्या उडवतं, म्हणून घरातल्या उघड्या शेकोटीसाठी ते फारसं कुणाला नको असतं. वाळवायला दीड-दोन वर्षं लागतात, त्यामुळे यंदाची थंडी कशी निभावेल याची तजवीज दोन हिवाळ्यांआधीच झालेली असते.

सरकारी तारखा झाल्या तरी गावचा हिवाळा आजही ११ नोव्हेंबरला लागतो, सान मार्तिनोच्या दिवशी. रोमन सैन्यातल्या मार्तिनोनं कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा फाडून दिला आणि ढगाआडून ऊन पडलं, अशी कथा आहे. नोव्हेंबरच्या मध्याला चार दिवस उबदार हवा पडते तिचं श्रेय या संताला जातं. त्या दिवशी नव्या वाइनची पिंपं उघडायची, भोकं पाडलेल्या लोखंडी तव्यात चेस्टनट भाजायचे, काळी पडलेली सालं बोटं पोळत सोलायची आणि गप्पा ठोकायच्या. आज गावोगावी या दिवशी जत्रा भरतात, शहरातून गाड्या येतात.

शंभर वर्षांपूर्वी याच दिवशी रस्त्यावर वेगळ्या गाड्या दिसत. मध्य आणि उत्तर इटलीत बरीचशी शेती अर्धेलीनं चाले. जमीन आणि घर मालकाचं, कष्ट कुळाचे, पीक निम्मं निम्मं. हा करार सान मार्तिनोला संपे. मालकानं तो पुढे चालवला नाही, तर गादी, भांडी, कोंबड्या आणि म्हातारी माणसं बैलगाडीत घालून कुटुंबानं ऐन थंडीच्या तोंडावर दुसरं घर शोधायचं. उत्तर इटलीत आजही घर बदलण्याला ‘सान मार्तिनो करणं’ म्हणतात. अर्धेलीचे नवे करार करायला कायद्यानं बंदी आली ती थेट १९६४ साली. भाजलेल्या चेस्टनटच्या जत्रेला येणाऱ्यांतल्या कित्येकांचे आजे-पणजे अशा गाडीत बसलेले होते.

चेस्टनटचंच बघा. टस्कनीच्या उत्तर टोकाला सेर्किओ नदीच्या वरच्या अंगाला गार्फान्याना नावाचा डोंगराळ टापू आहे. उतार असे की गव्हाला सपाट तुकडा मिळणं मुश्कील. तेव्हा इथल्या लोकांनी शेकडो वर्षं झाडावर पिकणारं धान्य खाल्लं. अकराव्या शतकातल्या कानोस्साच्या मातिल्दा या बलाढ्य सरदारणीला चेस्टनटच्या शिस्तशीर लागवडीचं श्रेय दिलं जातं. ऑक्टोबरात काटेरी बोंडं आपोआप फुटून खाली पडतात आणि आतली तपकिरी, चकचकीत फळं वाकून वाकून वेचावी लागतात. ताजी फळं टिकत नाहीत, बुरशी धरतात. वर्षभराची बेगमी करायची तर ती वाळवायला हवीत, आणि नोव्हेंबरच्या ओल्या डोंगरात ऊन कुठून आणणार?

त्यावरचा तोडगा म्हणजे मेतातो. दगडात बांधलेली दोन मजली बुटकी खोपी. खाली मातीची जमीन, मध्यभागी विस्तव. वर काठ्या किंवा पट्ट्या ओळीनं टाकून केलेला फटींचा माळा, त्यावर हातभर जाडीचा चेस्टनटचा थर. विस्तव भडकू द्यायचा नाही, नुसता धुमसत ठेवायचा, आणि त्यासाठी त्यावर मागच्या वर्षीची चेस्टनटची टरफलं पसरायची. चिमणी नाही, धूर माळ्यातून, फळांतून वाट काढत छपराच्या कौलांमधून बाहेर पडतो. हे सुमारे ४० दिवस रात्रंदिवस चालतं. मधूनमधून वर चढून, डोळे चोळत थर खालीवर करायचा. फळ हातात घेऊन हलवलं की आतला गर खडखडतो, तेव्हा वाळवण झालं. पूर्वी ती फळं गोण्यांत भरून लाकडाच्या ठोकळ्यावर आपटत, साल फुटून निघे. आता ते काम यंत्र करतं. साधारण तीन किलो ताज्या फळांचं जेमतेम किलोभर पीठ होतं. दगडी जात्यावर दळलेलं हे पीठ फिकट बदामी रंगाचं, मऊसूत, मुळातच गोड आणि वासाला किंचित धुरकट. गार्फान्यानाच्या या पिठाला २००४ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे.

या पिठाचा कास्तान्याच्चो करतात. पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, वर रोझमेरीची पानं, मनुका आणि चिलगोज्यांसारखे पाइनचे दाणे. साखर नाही, अंडं नाही, फुगवायला काही नाही. भट्टीतून निघतो तेव्हा वरून भेगाळलेला आणि आत ओलसर असतो. पहिल्यांदा खाणाऱ्याचं तोंड बहुधा वाकडं होतं, आणि ते साहजिकच आहे. ही लाडाकोडात वाढलेली मिठाई नव्हेच. याच पिठाच्या नेच्ची नावाच्या पातळ पोळ्या मात्र लगेच आवडतात. लांब दांड्याच्या दोन लोखंडी तव्यांमध्ये पीठ दाबून त्या भाजतात आणि आत ताजं रिकोता चीज भरून गुंडाळतात. जुन्या रीतीत तव्याला चिकटू नये म्हणून चेस्टनटची पानं घालत, त्यांच्या शिरा पोळीवर उमटत.

या खोऱ्याशी मराठी माणसांचा एक धागा आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात दोस्तांची आघाडी आपेनाइनच्या चिखलात आणि बर्फात अडकून पडली. २६ डिसेंबर १९४४ला जर्मन आणि इटालियन फॅसिस्ट फौजांनी गार्फान्यानात बार्गाच्या बाजूला अचानक मुसंडी मारली, तेव्हा ती थोपवायला आठवी भारतीय डिव्हिजन घाईघाईनं इथे आणली गेली. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन याच डिव्हिजनमधली. याच बटालियनच्या नामदेव जाधव यांना हिवाळा सरल्यावर, ९ एप्रिल १९४५ला रोमान्यातल्या सेनिओ नदीवर गाजवलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या हिवाळ्यात डोंगरातली गावं आणि तिथे आसऱ्याला आलेली माणसं जगली ती मुख्यतः चेस्टनटच्या पिठावर. युद्धानंतर लोक कारखान्यांकडे निघून गेले, बागा रानटी झाल्या. भरीला २००२ साली पिएमाँतेतल्या कूनेओ जिल्ह्यात एक चिनी गांधीलमाशी आढळली. ती कळ्यांत अंडी घालून गाठी आणते आणि फळच धरू देत नाही. काही वर्षांत तिनं देशभरच्या चेस्टनटचं उत्पन्न बसवलं. औषधफवारणीचा उपयोग नव्हता. शेवटी तिच्यावर जगणारा तिच्याच मुलखातला दुसरा कीटक २००५ पासून आणून सोडला, तेव्हा कुठे झाडं सावरली.

मेतातोच्या धुरात वाळत असायचे ते काही फक्त चेस्टनट नव्हेत. बाहेर पाऊस आणि आत फुकटची ऊब, म्हणून शेजारपाजारची माणसं संध्याकाळी तिथेच बसायला येत. पोच्या मैदानात हाच प्रकार गोठ्यात चाले. घरात सरपण परवडत नसे. गोठ्यात गाई-बैलांच्या अंगाची ऊब आयती मिळे. जेवणं झाली की आख्खी वाडी गोठ्यात जमे. बायका सूत कातत, ठिगळं लावत. पुरुष टोपल्या विणत, अवजारांचे दांडे तासत. कुणी जपमाळ म्हणे, कुणी भुताखेतांच्या गोष्टी सांगे, आणि लग्नाच्या वयाची मुलं-मुली मोठ्यांच्या नजरेखाली एकमेकांना चोरून बघून घेत. वेनेतोत या बैठकीला ‘फिलो’ म्हणतात. तिथले थोर कवी आन्द्रेआ झान्झोत्तो यांनी आपल्या बोलीतल्या एका पुस्तकाला हेच नाव दिलं. मग सगळे गारठलेल्या खोल्यांत झोपायला जात. अंथरुणात आधीच एक लाकडी सांगाडा सरकवलेला असे आणि त्यात निखाऱ्यांचं भांडं. सांगाड्याला ‘पाद्री’ आणि काही भागांत निखाऱ्याच्या भांड्याला ‘नन’ म्हणत. त्यावरून गोठ्यात काय काय विनोद होत असतील ते सांगायला नको.

ही दुनिया डोळ्यांनी पाहायची असेल तर एर्मान्नो ओल्मी यांचा ‘ल’आल्बेरो देल्यी झोक्कोली’ हा १९७८चा चित्रपट आहे. त्याला कानच्या महोत्सवात पाम दोर मिळालं. बेर्गामोच्या आसपासची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची गोष्ट. एकाच वाड्यात राहणारी चार-पाच कुळं, आणि ती भूमिका करणारे तिथलेच खरे शेतकरी, स्वतःच्या बोलीत बोलणारे. यातले आन्सेल्मो आजोबा भर हिवाळ्यात रात्री नातीला बरोबर घेऊन गुपचूप एका कोपऱ्यात कोंबड्यांची विष्ठा पुरतात. शेणापेक्षा ती गरम, त्यामुळे गावाच्या महिनाभर आधी टोमॅटो बाजारात न्यायचे हा बेत. हिवाळा म्हणजे शेतकऱ्याच्या विश्रांतीचा काळ, असं म्हणणाऱ्याला हा एक प्रसंग पुरे. आणि मुलाच्या तुटलेल्या खडावेसाठी बापानं मालकाचं एक झाड तोडलं, एवढ्यावरून आख्ख्या कुटुंबाला गाडीत सामान भरून वाडा सोडावा लागतो.

उत्तरेतल्या या सगळ्या घरांत हिवाळाभर एकच रांधण असे: पोलेन्ता. तांब्याच्या कढईत पाणी उकळायचं, त्यात मक्याचं जाडसर पीठ सोडायचं आणि पाऊण तास लाकडी दांड्यानं ढवळत राहायचं. घट्ट झालं की लाकडी पाटावर उलटं करायचं आणि दोऱ्यानं कापायचं. आज डोंगरातल्या खानावळींत त्याच्याबरोबर रानडुकराचा रस्सा, वितळलेलं चीज किंवा रानातल्या अळंब्या येतात आणि लोक बोटं चाटत खातात. पूर्वी बरोबर काहीच नसे. छताला दोरीनं एक खारवलेला मासा टांगून घरातला प्रत्येक जण आपली पोलेन्ताची वडी त्यावर घासून घेई, असं आजही सांगतात.

आणि नुसता मका खाऊन माणसं मरत. मका अमेरिकेतून आला. तो चुन्याच्या पाण्यात शिजवायची तिथली रीत मात्र आली नाही. त्या रीतीशिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. आधी उन्हाचा स्पर्श झालेली कातडी सोलवटते, मग हगवण, मग भ्रम, आणि शेवटी मृत्यू. या रोगाचं पेलाग्रा हे नावच मुळी लोम्बार्दीच्या बोलीतलं. १८८१च्या सरकारी गणनेत इटलीत एक लाखाहून जास्त रोगी नोंदले गेले, बहुतेक वेनेतो, लोम्बार्दी आणि एमिलियातले शेतमजूर. वेड लागलं म्हणून यातले हजारो इस्पितळांत कोंडले गेले. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही हाच रोग होता. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या ल्युसिनशी त्याचा संबंध जोडला. पोलेन्ताची वडी चिजात बुडवताना हे सगळं कुणी आठवावं अशी अपेक्षा नाही. पण नव्वदीच्या घरातल्या काही इटालियन आज्या पोलेन्ताला हात लावत नाहीत, त्यामागचं कारण चवीचं नसतं.

पोच्या मैदानातला हिवाळा म्हणजे धुकं. डोंगर दोन्ही बाजूंनी, वारा जवळजवळ नाहीच, नदी-कालव्यांची ओल खाली साचलेली. काही सकाळी स्वतःच्या अंगणातला फाटकाचा खांब दिसत नाही. फेलिनीच्या ‘आमारकोर्द’ या चित्रपटात आजोबा घरातून बाहेर पडतात आणि दारापासून चार पावलांवर हरवून जातात, मरण असंच असेल तर काही खरं नाही, असा त्यांच्या बोलण्याचा सूर असतो. त्या भागातल्या माणसांना हा प्रसंग विनोदी वाटतो, कारण तो त्यांच्यावर गुदरलेला असतो.

पार्माच्या खालच्या अंगाला, संगीतकार व्हेर्दी जन्मला त्या बुसेत्तोच्या परिसरात, याच धुक्याचं सोनं झालं आहे. डुकराच्या मांडीतला सगळ्यात चांगला भाग हाडाशिवाय वेगळा काढायचा, मीठ चोळायचं, डुकराच्याच मूत्राशयात भरून शिवायचा आणि सुतळीनं नासपतीच्या आकारात आवळून तळघरात टांगायचा. हा कुलातेल्लो. कोरड्या हवेत तो दगडासारखा सुकला असता. इथे तळघराच्या खिडक्या उघडून धुकं आत घेतात, त्यावर भिंतींवरची जुनी बुरशी पोसते, आणि निदान दहा महिन्यांनी आतलं मांस मऊ आणि गोडसर होतं. झिबेल्लोच्या कुलातेल्लोला १९९६ पासून संरक्षित नाव आहे आणि तो फक्त थंडीच्या महिन्यांत, नदीकाठच्या मोजक्या गावांतच करता येतो. गंमत अशी, की गेल्या काही दशकांत पोच्या मैदानात धुक्याचे दिवस घटत चालले आहेत. हवा तापतेय, आणि धुक्याच्या थेंबांना धरायला लागणारी कारखान्यांची काजळीही कमी झालीय. पर्यावरणवाद्यांना यातल्या कशावर हसावं आणि कशावर रडावं हे कळत नसेल.

याच धुक्यात पहाटे गोठ्यांचे दिवे लागतात आणि आता त्या दिव्याखाली पुष्कळदा पगडी दिसते. १९८०च्या दशकापासून पंजाबातून आलेली शीख माणसं रेज्जो एमिलिया, क्रेमोना, मान्तोव्हा इथल्या गोठ्यांत कामाला लागली. इटालियन तरुणांना पहाटे चारची धार नको होती. यांना गाई-म्हशींची सवय होती, आणि गोठ्यालगत राहायला घरही मिळे. पारमिजानो चिजाचा नियम कडक आहे: दिवसातून दोनदा धार आणि धार संपल्यापासून दोन तासांत दूध चीजवाल्याकडे. साधारण ४० किलोच्या एका चक्क्याला ५०० लिटरहून जास्त दूध लागतं आणि तो निदान १२ महिने पिकतो. गाय नाताळ पाळत नाही, त्यामुळे २५ डिसेंबरलाही चीज बनतं. नोव्हेलारा या गावी शिखांनी मोठा गुरुद्वारा उभारला; २००० साली त्याचं उद्घाटन केलं ते युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी यांनी. ही झाली उत्तरेची गोष्ट. रोमच्या दक्षिणेला लाटिना जिल्ह्यातल्या प्लास्टिकच्या हरितगृहांत भाजी तोडणाऱ्या पंजाबी मजुरांची कथा इतकी सरळ नाही. जून २०२४ मध्ये तिथल्या एका मजुराचा हात यंत्रात तुटला आणि इस्पितळात नेण्याऐवजी त्याला घराच्या दारात टाकून देण्यात आलं, तो दगावला. युरोपच्या थंडीत सुपरमार्केटमध्ये ताजी भाजी मिळते, तिची ही दुसरी बाजू.

नाताळाबद्दल इथे फार लिहायला नको. ते सगळ्यांना ठाऊक आहे. एक आग मात्र बघण्यासारखी असते. दक्षिण टस्कनीतल्या आमियाता डोंगरावर, पूर्वी पाऱ्याच्या खाणींवर जगलेल्या आबादिया सान साल्वातोरे या गावात, २४ डिसेंबरच्या रात्री चौकाचौकांत सात-सात मीटर उंच रचलेले लाकडाचे मनोरे पेटवतात. ते रचायचं काम आठवडे आधीपासून चालतं, खिळा न मारता, ओंडका ओंडक्याला अडकवून. ३१ डिसेंबरला डाळ: कोतेकिनो हे डुकराचं जाड सॉसेज आणि बरोबर मसूर, कारण मसुराचे दाणे नाण्यांसारखे दिसतात. सगळ्यात नावाजलेला मसूर उम्ब्रियातल्या कास्तेल्लुच्चो दी नोर्चाचा, बारीक आणि न भिजवता शिजणारा. ऑक्टोबर २०१६च्या भूकंपात ते गाव जवळजवळ जमीनदोस्त झालं, तरी पुढच्या वसंतात पेरणी झाली.

त्या मसुराचं गाव नोर्चाच्या हद्दीत येतं आणि नोर्चा ही डुक्कर कापणाऱ्यांची पंढरी. इथले कसबी लोक पूर्वी थंडी पडली की सुऱ्या गुंडाळून रोमकडे, टस्कनीकडे निघत, घरोघरी डुक्कर कापून सॉसेजं, हॅम करून देत आणि वसंतात परतत. अर्धेलीच्या घरात वर्षाला एकच डुक्कर असे, त्याचं रक्तसुद्धा वाया जात नसे. थंडीच पाहिजे, कारण फ्रीज नव्हता. १७ जानेवारीला सान्त’आन्तोनिओ आबाते या संताचा दिवस. चित्रांत याच्या पायाशी डुक्कर असतं आणि हा जनावरांचा रखवालदार. त्या दिवशी चर्चपुढे गाई, घोडे, कुत्री, टोपलीतले ससे आणि हल्ली ट्रॅक्टरसुद्धा आशीर्वादाला उभे असतात. आदल्या रात्री गोठ्यातली जनावरं माणसांसारखी बोलतात, पण ऐकणाऱ्याचं बरं होत नाही, असा समज आहे. म्हणून त्या रात्री गोठ्याकडे फिरकायचं नाही.

पिएमाँतेत जानेवारीत बान्या काउदा. अल्बाच्या पांढऱ्या ट्रफलवर वर्तमानपत्रं भरभरून लिहितात, पण त्या भागातलं घरगुती हिवाळी जेवण हे. लसूण दुधात किंवा पाण्यात मऊ शिजवायचा, त्यात खारवलेल्या आन्चोव्ही मासळीचे तुकडे विरघळेपर्यंत तेलात परतायचे. माणशी एक आख्खा गड्डा हे प्रमाण ऐकून घाबरायचं नाही. मातीच्या भांड्याखाली छोटा दिवा ठेवून ते गरम राखतात आणि सगळे भोवती बसून कच्च्या-उकडलेल्या भाज्या त्यात बुडवून खातात. शेवटी तळाशी उरलेल्या तेलात अंडं फोडतात. बुडवायच्या भाज्यांत मान निझ्झा मोन्फेरातोच्या कुबड्या कार्दोचा. हे आर्टिचोकच्या जातीचं झाड. सप्टेंबरात ते आडवं वाकवून मातीनं झाकतात. उजेडाकडे वर यायच्या धडपडीत त्याला कुबड येतं आणि देठ पांढरे, कोवळे, कच्चे खाण्याजोगे होतात.

डोंगरात, समुद्रापासून दूर, आन्चोव्ही कुठून आली? माइरा खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी आणली. शेतं बर्फाखाली गेली की हे लोक लिगुरियाच्या बंदरांतून पिंपं घेत आणि हातगाड्या ढकलत पिएमाँते-लोम्बार्दीच्या गावांतून मासळी विकत फिरत. वसंतात पेरणीला परत. चेल्ले दी माक्रा या गावी त्यांच्या धंद्याचं संग्रहालय आहे. कूनेओच्या अशाच शेतकऱ्यांच्या मुलाखती नूतो रेव्हेल्ली यांनी टेपरेकॉर्डर घेऊन गोळा केल्या. १९७७ साली ‘हरलेल्यांचं जग’ अशा अर्थाच्या नावानं त्या ग्रंथरूपानं आल्या. खायला नाही म्हणून घर सोडून गेलेली माणसं त्या पानापानांवर भेटतात.

कार्दो मातीत पुरून पांढरा करतात, तर वेनेतोतला ट्रेव्हिझोचा लांबुळका लाल रादिक्यो पाण्यात. हा प्रकार बघितल्याशिवाय खरा वाटत नाही. शेतात असताना ती एक साधी, कडू, हिरवट-तांबडी पानांची पालेभाजी असते. निदान दोनदा दहिवर पडून पानं माना टाकेपर्यंत ती उपटत नाहीत. मग मुळासकट उपटून, जुड्या करून, अंधाऱ्या शेडमधल्या हौदांत उभी करतात. हौदात सिले नदीच्या खोऱ्यातल्या झऱ्यांचं वाहतं पाणी, बाराएक अंशांचं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा उबदार. मुळांना वाटतं वसंत आला. दोनेक आठवड्यांत जुन्या पानांच्या पोटात नवी पानं फुटतात. उजेड न मिळाल्यानं देठ पांढरेशुभ्र, पात वाइनच्या रंगाची, कडूपणा जेमतेम उरलेला. बाहेरची पानं तोवर सडून लिबलिबीत झालेली असतात. मग एकेक जुडी हातात घेऊन सड काढायचा, मूळ चाकूनं तासून बोटाएवढं टोकदार करायचं आणि थंड पाण्यात धुवायची. शेतातून आलेल्या वजनाचा मोठा हिस्सा कचऱ्यात जातो, आणि कामगारांचे हात दिवसभर पाण्यात. बाजारात ती कोशिंबीर महाग का, हे त्यानंतर विचारायची गरज उरत नाही.

जानेवारीचे शेवटचे तीन दिवस ‘मेर्ला’चे, एका काळ्या पक्ष्याचे. पूर्वी म्हणे हा पक्षी पांढरा होता. थंडी सोसवेना म्हणून तीन दिवस धुराड्यात लपला आणि काजळी लागून काळा होऊन बाहेर पडला. वर्षातली सगळ्यात कडक थंडी हीच, असं मानतात. हवामानखात्याचे आकडे दरवर्षी साथ देतातच असं नाही. लोदीकडे नदीच्या दोन्ही काठांवर शेकोट्या लावून गावकरी एकमेकांना उद्देशून या दिवसांची गाणी म्हणतात. २ फेब्रुवारीच्या कांदेलोरा या सणाला हवा बघून थंडी किती उरली याचा अंदाज बांधतात. त्याआधी ५ जानेवारीच्या रात्री फ्रिउली आणि वेनेतोत मोठ्या होळ्या पेटतात आणि त्यांचा धूर कुठल्या दिशेला जातो त्यावरून पिकाचं भाकीत होतं. आता मात्र काही गावांत होळीआधी प्रदूषणाचा फलक बघावा लागतो. पोच्या मैदानात कोंडलेली हवा युरोपातल्या सर्वांत घाण हवांपैकी एक आहे आणि तिच्यातल्या सूक्ष्म कणांचा मोठा वाटा लाकडी चुलींचा. लोम्बार्दी, पिएमाँते, वेनेतो आणि एमिलिया-रोमान्या या चारही प्रांतांनी हिवाळ्यात जुन्या चुलींवर निर्बंध घातले आहेत. गंमत म्हणून पेटवलेली शेकोटी आता कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते.

ज्यांच्या दारात लाकूड आहे त्यांच्या हातात या दिवसांत कात्रीही असते. डिसेंबर ते मार्च द्राक्षवेली झोपलेल्या असतात आणि तेव्हाच छाटणी. नाशिक-सांगलीच्या बागाइतदाराला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असा वर्षाला दोनदा खटाटोप करावा लागतो, कारण आपल्याकडे वेल कधी झोपतच नाही. इथे वर्षाला एकदाच, पण प्रत्येक वेलीपुढे थांबून: कोणती काडी पुढच्या वर्षासाठी ठेवायची, कोणता डोळा उडवायचा, जखम कुठे आणि केवढी करायची. चुकलं तर लाकडात रोग शिरतो आणि वेल काही वर्षांत वाळते. बारोलोच्या डोंगरउतारांवर हे काम आज बऱ्याच प्रमाणात उत्तर मॅसेडोनियातून आलेले मजूर करतात, हातांत मोजे, कमरेला विजेच्या कात्रीची बॅटरी. दक्षिणेत पुलियाच्या नोव्होली गावात छाटलेल्या काड्यांच्या मोळ्या वाया जात नाहीत. सान्त’आन्तोनिओच्या आदल्या रात्री त्यांचीच पंचवीसेक मीटर उंच होळी पेटते. बारोलोत छाटणी मार्चपर्यंत उरकते, टस्कनीत तोवर ऑलिव्हची छाटणी सुरू झालेली असते, आणि गार्फान्यानात मेतातोच्या माळ्यावरच्या पट्ट्या झाडून ठेवल्या जातात, कारण नवी फळं ऑक्टोबरातच येणार आहेत.